गाळून वाचलेली परिपत्रकं

टेलिफोनच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती बटणांची एक पट्टी बसवायला.

पुण्यात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. धायरीत आम्ही चार मुली एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर माझी कंपनी होती. कंपनी म्हणजे पंधरा-वीस माणसं, दोन एसी आणि भिंतीवर लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूरची वेळ दाखवणारी तीन घड्याळं. त्या तिन्ही गावांतलं एकही गिऱ्हाईक आमच्याकडे नव्हतं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहरातलंच एक निमसरकारी कार्यालय. तिथे ब्राउझर उघडला की वरच्या बाजूला परिपत्रकं, रजेचा अर्ज, फोनची यादी, पगारपत्रक अशी बटणं दिसायला हवी होती. टूलबार म्हणायचे त्याला. तो मी लिहिला होता, म्हणून मजल्यामजल्यावर फिरून तो बसवण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

टेलिफोनची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. आत एक बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या असतील. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा. समोर नवा कॉम्प्युटर, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं. शेजारच्या भिंतीवर काहीतरी मोठं काढून नेल्याचा पांढुरका चौकोन होता.

"कोण?" त्यांनी विचारलं. नजर माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी.

"मी कॉम्प्युटर कंपनीतून आले. सगळ्या मशीनवर टूलबार बसवून राहिलो आम्ही."

"अमरावती की यवतमाळ?"

मी गप्प झाले. 'बसवून राहिलो', 'करून राहिलो' हे माझ्या बोलण्यातून निपटून काढायचा मी पुण्यात आल्यापासून प्रयत्न करत होते. आमच्या फ्लॅटमधल्या मुली त्यावर हसायच्या.

"घाबरू नका, मी काही वाईट म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेत. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याचा जिल्हा कळतो मला. यवतमाळच ना?"

"हो."

त्या जन्मापासून आंधळ्या होत्या. ऑफिसात सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. बोर्डावर कॉल आला की बोटांना कळेल अशी खुंटी वर यायची, त्यावरून त्या लाइन जोडत. कुठल्या साहेबाच्या खोलीचा नंबर काय, कोण जेवायला कधी उठतं, कोणाच्या घरचा फोन लगेच द्यायचा आणि कोणाच्या घरच्यांना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून सांगायचं, सगळं डोक्यात. मग नवं स्वयंचलित एक्स्चेंज आलं. बाहेरचा माणूस आता थेट खोलीचा नंबर फिरवायला लागला. बोर्ड काढून नेला, बाई मात्र तिथेच राहिल्या. दिवसातून दोन-तीनदा चुकून कोणाचा फोन यायचा. कुणा साहेबाला वाटलं की बाईंवर अन्याय नको, त्यांनाही कॉम्प्युटर द्या. म्हणून दिला.

"तर तुम्ही बटणं बसवणार," त्या म्हणाल्या. "बघायची."

"हो... म्हणजे, माऊसनं दाबायची."

"उत्तम. बसवा. पुसायला आणखी एक वस्तू झाली."

मी बटणं बसवली. जाता जाता, का कोण जाणे, बोलून गेले, "ही बटणं बोलतील असं करता येईल. म्हणजे पानावर जे लिहिलंय ते कॉम्प्युटर वाचून दाखवेल."

"कधी?"

मला वाटलं होतं, त्या 'अरे वा' वगैरे म्हणतील. त्यांना तारीख हवी होती.

"पुढच्या बुधवारी येते," मी म्हणाले.

आमच्या टीम लीडनं हरकत घेतली नाही. फावल्या वेळात कर म्हणाला. मला वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी वाचणारा एक आवाज फुकटच यायचा. पण ऑफिसची सगळी परिपत्रकं मराठीत, आणि तीही त्या काळच्या फाँटमध्ये. पडद्यावर 'रजा' दिसायचं, पण आत कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. पहिल्या बुधवारी मी बटण दाबलं तेव्हा त्या आवाजानं एक अख्खं परिपत्रक 'डॉलर, ब्रॅकेट, क्यू, एक्स' असं वाचून दाखवलं. ऑपरेटरबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"साहेबांच्या सहीचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बरोबर असेल."

त्यानंतरचे सहा-सात महिने मी दर बुधवारी दुपारी जायचे. कुठल्या चिन्हाचं कुठलं मराठी अक्षर होतं याचा तक्ता मी केला. मग त्या अक्षरांचे तुकडे करून इंग्रजी आवाजाला गिळता येतील असे लिहिले. कोडचं काम माझं, ऐकायचं त्यांचं. त्यांच्याइतकं बारीक ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. 'सूचना'मधला ऊ आखूड झाला की थांबवायच्या. 'ज' कुठे जहाजाचा आणि कुठे जीवनाचा यावरून आमची एक अख्खी दुपार गेली. 'ळ' आणि 'ण' मात्र त्या आवाजाला काही केल्या जमले नाहीत. बाळंतपणाच्या रजेचं तो 'बालंतपन' करायचा.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "परप्रांतातला आहे बिचारा, पोटासाठी आलाय."

हळूहळू त्या मला अगं-तुगं करायला लागल्या. मी त्यांना ताई म्हणायला लागले. माऊसचा उपयोग नव्हता म्हणून सगळी बटणं मी कीबोर्डवर आणली. टायपिंग त्यांना अंधशाळेतच शिकवलेलं होतं आणि माझ्यापेक्षा वेगानं त्या टाईप करायच्या. त्या खोलीत मला बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. कंपनीत मी सगळ्यात लहान होते, फ्लॅटमध्ये सगळ्यात गावंढळ. तिथे मी काहीतरी घडवत होते.

दीड वाजला की आस्थापना विभागातल्या एक सीनियर क्लार्क बाई डबा घेऊन यायच्या. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, बावीस वर्षं एकत्र जेवत आलेल्या. त्या बाई संध्याकाळी यांना हात धरून बसस्टॉपवर न्यायच्या, साडीचा रंग सांगायच्या आणि जेवण झालं की आठवड्याची परिपत्रकं वाचून दाखवायच्या. मी दोन-तीनदा ते वाचन ऐकलं होतं. विषय वाचायचा, पहिल्या दोन ओळी वाचायच्या, मग पान उलटायचं. "बाकी नेहमीचंच गं," असं म्हणायच्या त्या.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या आईलाही वडील पेपर असाच वाचून दाखवायचे.

एका बुधवारी ते सगळं जमलं. मी खुर्चीमागे उभी राहिले, हात मागे बांधून. ऑपरेटरबाईंनी स्वतः ब्राउझर उघडला, स्वतः परिपत्रकांच्या बटणावर गेल्या, स्वतः एक परिपत्रक निवडलं आणि त्या परप्रांतीय आवाजात पहिल्या ओळीपासून 'प्रत माहितीसाठी'पर्यंत ऐकलं. पार्किंगबद्दलचं परिपत्रक होतं. दुचाकी कुठे लावाव्यात याचं. संपल्यावर त्यांनी ते परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"ताई, दुसरं काहीतरी ऐका ना," मी म्हणाले.

"थांब गं. यात चौथ्या कलमात अपंग कर्मचाऱ्यांच्या रिक्षा आत सोडायची सोय केलीय. कधीचं आहे हे?"

मी तारीख पाहिली. तीन वर्षांपूर्वीचं होतं. तीन वर्षं त्या रोज सकाळी मोठ्या फाटकाबाहेर रिक्षातून उतरून काठी टेकत आत येत होत्या.

"तिच्या नजरेतून सुटलं असेल," त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी मी गेले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. टेबलावर ब्रेलची पाटी होती आणि टोचून काढलेल्या कागदांचा गठ्ठा. ऑफिसात पहिले कॉम्प्युटर आल्यापासूनची नऊ वर्षांची परिपत्रकं ऑफिसनं वेबसाइटवर चढवली होती. त्या आठवड्यात, सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, त्यांनी ती ऐकून काढली होती. फोन येत नव्हतेच. दुसरं करायला काय होतं?

"बस," त्या म्हणाल्या. "विभागीय परीक्षा म्हणजे काय, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. खालच्या पदावरच्या माणसाला क्लार्कच्या जागेवर जाण्यासाठी दरवर्षी एक परीक्षा होते. तिथून पुढे बढतीची वाट मोकळी. टेलिफोन ऑपरेटरला ती देता येते. आणि दरवर्षीच्या परिपत्रकात सातवं कलम तेच आहे. त्यांनी कागदावरून बोट फिरवत वाचलं, "दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना लेखनिक घेण्याची मुभा राहील व वाढीव वेळ देण्यात येईल."

"नऊ वर्षांत नऊ वेळा," त्या म्हणाल्या. "त्याआधीची माहीत नाहीत. मी एकदाही ऐकलेलं नाही."

तेवढ्यात दीड वाजला आणि आस्थापनेतल्या बाई डबा घेऊन आल्या. मी उठायला लागले, तर ऑपरेटरबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला बसवून ठेवलं. ते त्यांनी का केलं, मला आजही सांगता येत नाही. बहुतेक त्यांना एकटीनं विचारायची भीती वाटत होती.

"विभागीय परीक्षेचं परिपत्रक दरवर्षी निघतं ना?" त्यांनी विचारलं.

"निघतं की," त्या बाई डबा उघडत म्हणाल्या.

"मला कधी वाचून नाही दाखवलंस."

"अगं, ते... ते क्लार्क लोकांचं असतं."

"सातवं कलम माझं आहे."

त्या बाईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला कशाला उगीच. एवढी जाडी जाडी पुस्तकं, ती कोण वाचून दाखवणार? लेखनिक कोण बसणार? आणि तू इथे सुखात होतीस."

"सुखात."

"होतीस. सगळे मानायचे तुला."

"पुस्तकं कोण वाचून दाखवणार, म्हणालीस," ऑपरेटरबाई आवाज जराही न चढवता म्हणाल्या. "तुला वाचावी लागली असती. हो ना?"

त्या बाईंनी डबा तसाच बंद केला. दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या. "सासू अंथरुणाला खिळलेली, दोन पोरं शाळेत, त्यातून रोज अर्धा तास मी तुला दिला. बावीस वर्षं. कोणी दिला होता दुसऱ्यानं?"

"कोणीच नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

त्या निघून गेल्या. त्यानंतर दोघींनी पुन्हा एकत्र जेवण केलं नाही. संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत ऑपरेटरबाई एकट्या जायला लागल्या. आस्थापनेतल्या बाई चार पावलं मागे राहून चालायच्या, त्यांना कळणार नाही अशा बेतानं. मी पाहिलंय ते. मला खात्री आहे, त्यांना कळत होतं.

परीक्षेला वयाची अट पंचेचाळीस. ऑपरेटरबाईंना चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे एकच परीक्षा उरली होती.

त्यांनी ठरवलं की ती द्यायची. नियमांची पुस्तकं वेबसाइटवर होतीच. त्या दिवसभर ती ऐकायच्या, संध्याकाळी ब्रेलमध्ये उतरवायच्या. मी गेले की मला प्रश्न विचारायला लावायच्या. रजेचे नियम, वर्तणुकीचे नियम, प्रवासभत्ता. बावीस वर्षं फोनवर साहेबांचं बोलणं ऐकून निम्मं त्यांना आधीच माहीत होतं. लेखनिक म्हणून अंधशाळेतल्या एका शिक्षिकेची कॉलेजात जाणारी मुलगी मिळाली. फक्त अर्ज भरायचा राहिला होता.

त्या वर्षी अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन होते. अर्जाचं पान आमच्याच कंपनीनं करायचं होतं, आणि ते मी केलं. प्रत्येक रकान्याला मी नाव दिलं, म्हणजे तो आवाज 'जन्मतारीख', 'पदनाम' असं वाचेल. मनातल्या मनात मी ते पान त्यांच्यासाठीच करत होते. मग एका सकाळी टीम लीड माझ्या टेबलाशी आला.

"सबमिटच्या आधी इमेजवाली अक्षरं टाक," तो म्हणाला. "सिक्युरिटीवाल्यांचा पॉइंट आलाय."

वेडीवाकडी अक्षरं चित्रात दाखवायची आणि माणसानं ती ओळखून खाली टाईप करायची, म्हणजे कळतं की समोर माणूसच आहे, मशीन नाही.

"पण चित्र तर वाचता येणार नाही," मी म्हणाले. "ज्यांना दिसत नाही त्यांना."

"किती आहेत असे?"

"एक."

"एक," तो म्हणाला. "बघ, क्लायंटनं साइन-ऑफ दिलाय. पुढच्या व्हर्जनला ऑडिओ टाकू. ती कोणालातरी विचारेल ना, काय लिहिलंय म्हणून."

त्यात खोटं काही नव्हतं. कोणालाही विचारता आलं असतं. मी ते चित्र टाकलं. दीड दिवस लागला. काम चांगलं झालं होतं. अक्षरं मशीनला अजिबात ओळखता येत नव्हती.

अर्ज भरायला दहा दिवस होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अगं, शेवटी तो 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. पुढे जाऊच देत नाही. माझं काय चुकतंय?"

"तुमचं नाही चुकत, ताई. आमच्याकडे थोडा प्रॉब्लेम आहे. मी बघते."

"किती दिवस लागतील?"

"दोन दिवस."

'मी बघते' हे मी किती सहज म्हणाले! मी टीम लीडला पुन्हा विचारलं, तो नाही म्हणाला. दोन दिवसांनी मी फोन केला नाही. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आम्ही एव्हाना हिंजवडीला मोठ्या जागेत गेलो होतो, एका नव्या कामाची धावपळ होती. पण हे मी आता सबब म्हणून सांगते आहे. रिक्षा करून तासाभरात मी तिथे पोचले असते, चित्रातली पाच अक्षरं वाचून दाखवली असती, संपलं असतं. रोज सकाळी मी ठरवायचे की आज दुपारी जाऊ. गेले असते तर सांगावं लागलं असतं की ते चित्र मीच टाकलंय.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. माझ्या मोबाइलवर ऑफिसचा नंबर दिसत होता. मी टेबलाशीच होते. मी तो वाजू दिला. थोड्या वेळानं परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मोबाइल खणात ठेवून पाणी प्यायला गेले.

साडेपाचला पान आपोआप बंद झालं. तेही माझ्याच कोडनं.

पुढच्या आठवड्यात तिथे जाणं भाग होतं, दुसऱ्या कामासाठी. टेलिफोनच्या खोलीकडे मी वळलेच नाही. जिन्यात आस्थापनेतल्या बाईंनी मला गाठलं.

"काय मिळवलंस गं तू त्या बोलक्या मशीननं?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"शेवटच्या दिवशी मी गेले होते तिच्या दारात," त्या म्हणाल्या. "ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. ते एक शब्द म्हणायचं आणि बंद पडायचं. मला दारातून ती वाकडी अक्षरं दिसत होती. मी विचारलं, काय हवंय गं? मी आलेली तिला पावलांवरूनच कळतं. ती म्हणाली, काही नको. मी पाच मिनिटं उभी राहिले. परत विचारलं. परत म्हणाली, काही नको."

"तुम्ही वाचायचं होतंत," मी म्हणाले.

"मी?" त्या हसल्या, पण ते हसू लगेच गेलं. "माझ्या वाचण्यावर तिचा विश्वास तूच घालवलास. आता मला सांगतेस?"

त्या रडत नव्हत्या. जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि एकेक पायरी सांभाळून उतरत गेल्या.

ऑपरेटरबाईंनी वर्षाच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेतली. कोणी त्यांना थांबवलं नाही. पद तसंही भरायचं नव्हतं. पुढल्या वर्षी ऑफिसनं नवी यंत्रणा घेतली, दुसऱ्या कुठल्याशा मोठ्या कंपनीची, आणि आमचा टूलबार सगळ्या मशीनवरून काढून टाकला. टेलिफोनच्या खोलीत बिघडलेले प्रिंटर ठेवले होते.

माझं बरं चाललं. त्यानंतरच्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, तुमच्या कामाचा कोणाला उपयोग झाला असं उदाहरण द्या. मी सांगितलं की एका अंध टेलिफोन ऑपरेटरसाठी मी ब्राउझरला मराठीत बोलायला शिकवलं, मराठी फाँटचा प्रश्न सोडवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून एक परिपत्रक वाचलं. समोरच्या तिघांपैकी एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला नोकरी मिळाली. नंतर कंपनीच्या कार्यक्रमांतही मी ही गोष्ट सांगितली, दोनदा, स्लाइड लावून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट पार्किंगच्या परिपत्रकापाशी संपायची.

तिसऱ्या वेळेला बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले, आणि बऱ्याच फोनाफोनीनंतर त्यांचा पत्ता मिळवला. वारज्यात, भावाच्या फ्लॅटमध्ये त्यांची एक खोली होती. मधे दहाहून जास्त वर्षं गेली होती. वहिनींनी दार उघडून मला आत नेलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, हातात मोबाइल. मोबाइल मराठीतून बोलत होता, भरधाव, मला शब्दही लागत नव्हते अशा वेगानं. त्यांनी तो बंद केला.

"कोण?"

"मी, ताई. टूलबारवाली."

"बोलणं बदललं तुमचं," त्या म्हणाल्या. "यवतमाळ गेलं."

त्या मला पुन्हा 'तुम्ही' म्हणत होत्या.

चहा आला. आस्थापनेतल्या बाई मागच्या वर्षी गेल्या, हे मला तिथे कळलं. ऑपरेटरबाईंना ते त्या बाईंच्या मुलानं आठ दिवसांनी फोन करून कळवलं होतं. त्याबद्दल त्या आणखी काही बोलल्या नाहीत. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. ते चित्र मीच टाकलं होतं. तुमचे तिन्ही फोन मला दिसले होते. मी उचलले नाहीत.

आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यांनी साडीचा पदर मांडीवर सारखा केला.

"काय असायचं त्या चित्रात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, ताई. नुसती अक्षरं. दर वेळी वेगळी."

"शब्द नाही?"

"नाही. अर्थ नसलेली अक्षरं."

"मला वाटायचं, प्रश्न असेल काहीतरी," त्या म्हणाल्या. "परीक्षेचाच. मला उत्तर आलं असतं."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, लाइन तोडताना करत असतील तसा छोटासा हात.

"सांगितलंत, ठीक केलंत. आता निघा. सहानंतर पुलाखाली फार गर्दी होते, बस मिळायची नाही."

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. चपला घालत असताना आतून पुन्हा तो भरधाव आवाज सुरू झाल्याचं ऐकू आलं. तो काय वाचत होता ते मला कळलं नाही. मी खाली उतरले आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. दोन बस आल्या, त्या मी सोडल्या.